रॉबर्ट रिस्किन : गर्दीची गोष्ट लिहिणारा विनोदी पटकथाकार

राज कपूर आणि नर्गिसचा 'चोरी चोरी' १९५६ साली पडद्यावर आला. श्रीमंत बापाच्या तावडीतून पळालेली मुलगी, वाटेत भेटलेला वार्ताहर, बसचा प्रवास, आधी खटके आणि मग प्रेम अशी त्याची कथा. पस्तीस वर्षांनी, १९९१ला महेश भट्ट यांनी हीच गोष्ट 'दिल है के मानता नहीं' या नावानं पुन्हा केली. आमिर खान आणि पूजा भट्टच्या पिढीला ती आपल्याच काळाची वाटली. त्याच्या दोन वर्षं आधी अमिताभ बच्चनचा 'मैं आज़ाद हूं' येऊन गेला होता. त्यात एक महिला पत्रकार खोटं पत्र छापते आणि पत्रातला काल्पनिक माणूस खराखुरा रस्त्यावर उतरतो.

आमच्या घरी अब्बांना 'चोरी चोरी'ची सगळी गाणी तोंडपाठ. सिनेमा 'अंग्रेजी पिक्चर'वरून घेतलाय, हेही ते आवर्जून सांगत. जाणकार मंडळी त्यापुढे जाऊन दिग्दर्शक फ्रँक कॅप्राचं नाव घेतात. पण गोष्ट कागदावर उतरवली कुणी, याची चर्चा मी क्वचितच ऐकली. या तिन्ही हिंदी सिनेमांचं मूळ एकाच लेखकाच्या टेबलावर सापडतं. त्याचं नाव रॉबर्ट रिस्किन.

१९३०च्या दशकातल्या हॉलीवूडमध्ये रिस्किन विनोदी पटकथांचा बादशहा मानला जाई. त्यानं लोकांना पोट धरून हसवलं. मात्र त्याच्या पटकथा एकामागून एक वाचत-पाहत गेलं की लक्षात येतं, हा माणूस आयुष्यभर एकाच प्रश्नामागे होता. साधी, भली माणसं एकत्र आली की त्यांची गर्दी कधी होते आणि शेजार कधी होतो? अफवा त्यांना कशी फिरवते आणि भरवसा त्यांना कसा परत आणतो? आपल्या देशात, आपल्या मोहल्ल्यात हा प्रश्न जुना झालेला नाही. म्हणून या विस्मृतीत गेलेल्या लेखकाविषयी लिहावंसं वाटलं.

घरात यिद्दिश, बाहेर इंग्रजी

रिस्किनचा जन्म ३० मार्च १८९७चा, न्यूयॉर्कमधला. आई-वडील झारच्या रशियातून आलेले ज्यू निर्वासित. लोअर ईस्ट साइड हा त्या काळी स्थलांतरितांचा दाटीवाटीचा इलाखा होता. एकेका खोलीत आठ-दहा माणसं, खाली हातगाड्या, वर शिवणकामाचे कारखाने. घरात यिद्दिश बोलली जाई, बाहेर इंग्रजी. घरात दखनी आणि शाळेत मराठी बोलत वाढलेल्यांना अशा पोराचे कान किती तयार होतात, हे वेगळं सांगायला नको. कोण कुठल्या हेलात बोलतो, कुठला शब्द कुठे हशा पिकवतो, हे त्याला आपोआप कळत जातं.

किशोरवयीन रिस्किन वॉडव्हिलच्या थिएटरांत चोरून शिरायचा. वॉडव्हिल म्हणजे नाच, गाणी, जादू आणि विनोदी तुकड्यांची मिसळ. विनोदवीरांचे किस्से तो वहीत टिपून घ्यायचा. लहान वयातच तो शर्ट बनवणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागला. मालकांनी नव्यानं आलेल्या सिनेमाच्या धंद्यात पैसे गुंतवले होते. त्यांनी विशीही न गाठलेल्या या पोराला थेट फ्लोरिडात सिनेनिर्मिती सांभाळायला धाडलं. पुढे त्यानं न्यूयॉर्कमध्ये नाटकं लिहिली. बोलपटांचं युग सुरू झालं आणि हॉलीवूडला संवाद लिहू शकणारे नाटककार हवे झाले. कोलंबिया कंपनीनं त्याच्या नाटकांचे हक्क घेतले आणि १९३१च्या सुमारास तो कॅलिफोर्नियात पोचला.

कोलंबिया तेव्हा मोठ्या स्टुडिओंच्या पंगतीत नव्हती. तिच्याकडे पैसा कमी, नट उसने. तिथेच त्याची गाठ फ्रँक कॅप्राशी पडली. तोही १८९७चाच आणि तोही स्थलांतरित. लहानपणी सिसिलीहून बोटीनं आलेला. पहिल्या भेटीचा किस्सा कॅप्रानं आत्मचरित्रात दिला आहे. एका नाटकावर सिनेमा करायचा म्हणून त्यानं स्टुडिओतल्या लेखकांना कथा ऐकवली. बैठकीत बसलेल्या एका अनोळखी माणसानं सांगितलं, यावर सिनेमा करू नका, हे नाटक रंगभूमीवर पैसे बुडवून बसलंय. तो माणूस रिस्किन होता आणि नाटक त्याचंच होतं. सिनेमा तरीही झाला आणि दोघांची जोडी जमली.

अफवेनं बुडणारी बँक

१९२९ला अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला. १९३०पासूनच्या तीन-चार वर्षांत तिथल्या सुमारे नऊ हजार बँका बुडाल्या. १९३३पर्यंत दर चार कामगारांमागे एक बेकार होता. या धामधुमीत, १९३२ला रिस्किननं 'अमेरिकन मॅडनेस' लिहिला.

त्यातला बँकेचा अध्यक्ष डिक्सन तारण बघून कर्ज देत नाही, माणूस बघून देतो. संचालक मंडळाला हे मान्य नसतं. एका रात्री बँकेत चोरी होते. सकाळी टेलिफोन ऑपरेटर मुलगी ही बातमी एका मैत्रिणीला सांगते. ती आणखी कुणाला. न्हाव्याच्या दुकानात, हॉटेलात, रस्त्यावर बातमी पसरत जाते आणि प्रत्येक तोंडागणिक चोरीची रक्कम फुगत जाते. काही तासांत 'बँकेत चोरी झाली'चं 'बँक बुडाली' होतं. ठेवीदार दारावर तुटून पडतात. ही दृश्यं आजही पाहताना अंगावर येतात, कारण गर्दीतला एकही माणूस वाईट नाही. प्रत्येकाला आपली कष्टाची कमाई वाचवायची आहे. प्रत्येकाच्या या शहाणपणाच्या बेरजेतून वेडेपणा तयार होतो. सिनेमाच्या नावातला 'मॅडनेस' हाच.

बँक वाचते ती कशी? डिक्सननं ज्यांना केवळ शब्दावर कर्ज दिलं होतं, ते छोटे दुकानदार आपापली रक्कम घेऊन गर्दीतून वाट काढत येतात आणि सगळ्यांसमोर बँकेत पैसे भरतात. डिक्सनचं पात्र बँक ऑफ अमेरिकाचे संस्थापक ए. पी. जियानिनी यांच्यावरून सुचलं, असं सांगितलं जातं. जियानिनी इटालियन स्थलांतरिताचे चिरंजीव. मोठ्या बँका ज्यांना दारात उभं करत नसत, अशा भाजीवाल्यांना, मच्छीमारांना त्यांनी कर्जं दिली होती.

सिनेमा विनोदी म्हणावा असा नाही, पण रिस्किनच्या पुढच्या सगळ्या विनोदाचा पाया इथे घातला गेला.

बस, चादर आणि पाच ऑस्कर

सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्सची 'नाइट बस' ही कथा १९३३ला एका मासिकात आली. कॅप्रा आणि रिस्किननं ती निवडली. मूळ कथेतला नायक रसायनशास्त्राशी संबंधित होता. लेखक मायल्स कॉनोली या मित्रानं सुचवलं, की नायकाला प्रेक्षकांच्या ओळखीचा माणूस करा. रिस्किननं त्याला नोकरी गेलेला वार्ताहर केलं. लाडावलेली नायिका त्यानं ऐषआरामाला कंटाळलेली केली. या दोन बदलांनी सिनेमा उभा राहिला आणि राज कपूरपासून आमिर खानपर्यंतचे नायक वार्ताहर का आहेत, त्याचं उत्तरही इथेच आहे.

'इट हॅपन्ड वन नाइट' १९३४च्या फेब्रुवारीत लागला. नायक क्लार्क गेबल दुसऱ्या स्टुडिओनं उसना दिलेला. क्लॉडेट कोलबर्टनं दुप्पट पैसे आणि चार आठवड्यांत सुटका, या अटींवर होकार दिलेला. कुणालाच फार आशा नव्हती. पुढच्या वर्षी सिनेमाला पाच ऑस्कर मिळाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा. ही पाचही मुख्य पारितोषिकं एकाच सिनेमाला मिळण्याची ती पहिली वेळ. पटकथेचं रिस्किनला मिळालं. नंतर असं घडायला १९७५चा 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट' यावा लागला.

या पटकथेतली एक युक्ती पाहण्यासारखी आहे. अविवाहित जोडप्याला रात्र एकाच खोलीत काढायची आहे. वार्ताहर दोन खाटांमध्ये दोरी बांधून तिच्यावर चादर टाकतो आणि तिला 'यरीहोची भिंत' म्हणतो. बायबलमधली कथा अशी, की यहोशवाच्या, म्हणजे आपल्याकडे ज्यांना हजरत यूशा म्हणतात त्यांच्या, सैन्यानं तुताऱ्या फुंकल्या आणि यरीहो शहराची तटबंदी कोसळली. सिनेमाच्या शेवटी दोघांचं लग्न झाल्यावर आपल्याला ते दिसतही नाहीत. खोलीतून तुतारीचा आवाज येतो आणि चादर खाली पडते. जे दाखवायला बंदी होती ते न दाखवता सांगून टाकलं, आणि कुणाला लाजही वाटली नाही.

याच बसमध्ये एका लहान मुलाची आई भुकेनं बेशुद्ध पडते. कामाच्या शोधात निघालेल्या त्या मायलेकांनी होते नव्हते ते पैसे तिकिटात घातलेत. आपला नायक आणि नायिका जवळची उरलेली नोट त्या पोराला देतात. क्षणभरापूर्वी सारी बस गाणं म्हणत होती. महामंदीतली बस अशीच असणार, गाणारीही आणि उपाशीही. रिस्किनचा विनोद भुकेकडे पाठ फिरवत नाही. त्यामुळेच तो इतका टिकला.

वेडा कोण?

'मिस्टर डीड्स गोज टू टाउन' १९३६चा. लहान गावातल्या, शुभेच्छापत्रांसाठी कविता लिहिणाऱ्या आणि बँडमध्ये ट्यूबा वाजवणाऱ्या डीड्सला अचानक दोन कोटी डॉलरचा वारसा मिळतो. न्यूयॉर्कमधले वकील, साहित्यिक, पत्रकार त्याची खिल्ली उडवतात. मग एके दिवशी शेत गमावलेला एक शेतकरी पिस्तूल घेऊन त्याच्या हवेलीत घुसतो. इथे विनोद थांबतो. डीड्स ठरवतो, हा पैसा बेघर शेतकऱ्यांना द्यायचा. प्रत्येकाला दहा एकर जमीन, एक घोडा, एक गाय आणि बियाणं.

लगेच त्याला वेडा ठरवण्यासाठी कोर्टात खटला उभा राहतो. त्याच्या गावातल्या दोन म्हाताऱ्या बहिणी साक्ष देतात, की डीड्सला झपाटलंय. कोर्ट गंभीर होतं. मग उलटतपासणीत कळतं, की त्या दोघींच्या मते त्या स्वतः सोडून सारं जगच झपाटलेलं आहे. डीड्स न्यायाधीशाला दाखवून देतो, की विचार करताना प्रत्येक जण काही ना काही चाळे करतो. त्याला वेडा ठरवायला आलेला मानसोपचारतज्ज्ञच कागदावर गिरगोट्या काढत असतो. त्यासाठी तो 'डूडलर' हा शब्द वापरतो. आज जगभर वापरला जाणारा 'डूडल' या अर्थानं रूढ होण्यात या पटकथेचा मोठा हात आहे.

या सिनेमाच्या वेळी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा 'न्यू डील' कार्यक्रम सुरू होता. रिस्किन रूझवेल्टचा समर्थक, तर कॅप्रा रिपब्लिकन पक्षाचा मतदार. गरिबांना जमीन देणाऱ्या नायकाचा विचार कुणाच्या डोक्यातून आला असेल, याचा अंदाज करणं कठीण नाही.

वर्तमानपत्रानं घडवलेला सामान्य माणूस

१९३९ला कॅप्रा आणि रिस्किननं कोलंबिया सोडून स्वतःची कंपनी काढली. 'मीट जॉन डो' हा तिचा एकमेव सिनेमा १९४१ला आला. माझ्या मते ही रिस्किनची सर्वांत धाडसी पटकथा.

वर्तमानपत्राचा मालक बदलतो आणि एका महिला पत्रकाराला कामावरून काढलं जातं. जाता जाता ती शेवटच्या स्तंभात एक खोटं पत्र छापते. 'जॉन डो' नावाचा कुणी बेकार माणूस जगातल्या अन्यायाचा निषेध म्हणून नाताळच्या आदल्या रात्री इमारतीवरून उडी घेणार आहे. पत्रानं खळबळ माजते. वर्तमानपत्र एका बेकार बेसबॉल खेळाडूला पैसे देऊन जॉन डो म्हणून उभा करतं. रेडिओवर तो तिनं लिहून दिलेलं भाषण वाचतो. शेजाऱ्याला ओळखा, एवढाच त्याचा संदेश. गावोगाव 'जॉन डो क्लब' निघतात. एका गावातले लोक सांगायला येतात, की ज्या म्हाताऱ्याला आम्ही वर्षानुवर्षं खडूस समजत होतो, तो फक्त कमी ऐकू येणारा निघाला. हा प्रसंग पाहताना हसू येतं आणि लगेच आपल्याच गल्लीतला कुणीतरी आठवतो.

पण या चळवळीला पैसा कोण पुरवतोय? वर्तमानपत्राचा नवा मालक, नॉर्टन. त्याच्याकडे खासगी गणवेशधारी पथक आहे आणि त्याला राष्ट्राध्यक्ष व्हायचंय. जॉन डोच्या भल्या लोकांची मतं त्याला हवी आहेत. जॉन डो हे जाहीर करायला मैदानात उभा राहतो, तेव्हा नॉर्टन ध्वनिक्षेपकाच्या तारा तोडायला लावतो. पाऊस पडतोय, हजारो लोक छत्र्या घेऊन उभे आहेत, आणि ज्याला काल डोक्यावर घेतलं त्याच्यावर आज वस्तू फेकल्या जाताहेत. जर्मनी आणि इटलीत जे घडत होतं, ते अमेरिकेतही घडू शकतं, आणि ते शेजारधर्माच्या गोड भाषेत घडेल, असं रिस्किन सांगत होता.

मोठा पेच शेवटाचा होता. जॉन डोनं उडी मारावी की नाही? कॅप्रानं अनेक शेवट चित्रित केले आणि सिनेमा लागल्यावरही बदल केला. अखेर लोक गच्चीवर येऊन त्याला थांबवतात. 'मैं आज़ाद हूं' लिहिताना जावेद अख्तर यांनी मात्र आज़ादला उडी मारू दिली. अमेरिकन पटकथा जिथे लोकांवर भरवसा टाकून थांबली, तिथे आपली पटकथा किंमत वसूल करून पुढे गेली. दोन समाजांनी एकाच गोष्टीला दिलेली ही दोन उत्तरं आहेत.

त्याच्या चौकटीबाहेरची माणसं

रिस्किनचं कौतुक करताना एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. त्याचा 'सामान्य माणूस' गोरा आहे. काळी माणसं त्याच्या सिनेमात हमाल, नोकर म्हणून येतात आणि जातात. 'लॉस्ट होरायझन' या १९३७च्या सिनेमात हिमालयापलीकडचं शांग्री-ला हे स्वर्गासमान खोरं आहे. तिथला सर्वोच्च लामा मात्र युरोपातून आलेला पाद्री, आणि स्थानिक तिबेटी माणसं पार्श्वभूमीला. कथा जेम्स हिल्टनच्या कादंबरीची, पण पटकथेनंही ही उतरंड तशीच ठेवली. ज्याच्या आई-वडिलांना रशियातून जीव मुठीत धरून यावं लागलं, त्यालाही पूर्वेकडचा माणूस पूर्ण दिसला नाही. आपल्या वेदनेनं दुसऱ्याची वेदना आपोआप दिसू लागते, असा समज आपणही करून घेऊ नये.

युद्धात त्यानं रणगाडे दाखवले नाहीत

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली. कॅप्रा सैन्यात गेला आणि सैनिकांसाठी 'व्हाय वी फाइट' ही प्रचारपटांची मालिका केली. रिस्किन १९४२ला सरकारच्या युद्धमाहिती कार्यालयात दाखल झाला. परदेशी प्रेक्षकांसाठी सिनेमे बनवणारा विभाग त्याच्याकडे आला. त्याच वर्षी 'किंग काँग'ची नायिका फे रे हिच्याशी त्याचं लग्न झालं.

युरोपातल्या लोकांना अमेरिका म्हणजे गुंडांचे आणि गाऊबॉयचे सिनेमे एवढीच ठाऊक, असं त्याला वाटे. त्यानं 'प्रोजेक्शन्स ऑफ अमेरिका' नावाची २६ लघुपटांची मालिका उभी केली. लढाई जवळपास नाहीच. एका छोट्या गावाचा दिनक्रम. स्वीडनहून आलेल्या शेतकऱ्यांवरच्या लघुपटात इंग्रिड बर्गमन. इटलीतल्या फॅसिस्ट राजवटीपुढे न झुकलेले संगीतकार तोस्कानिनी. एका लघुपटात तर जीपगाडी स्वतःचं आत्मचरित्र सांगते. जर्मनांच्या तावडीतून सुटलेल्या भागांत हे लघुपट दाखवले गेले.

त्यातला १९४५चा 'द कमिंग्टन स्टोरी' मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. युरोपातून जीव वाचवून आलेले निर्वासित मॅसॅच्युसेट्समधल्या कमिंग्टन गावात येतात. गावकरी दुकानात गप्प होतात, नजर चुकवतात. गावचा पाद्री कथा सांगतो. हळूहळू काम, गाणं आणि गावची जत्रा यांतून बर्फ वितळत जातं. रिस्किनच्या खात्यानं आपल्या देशाची जाहिरात करताना त्या देशाचा परक्यांविषयीचा संशयही दाखवला. सरकारी पैशानं बनलेल्या प्रचारपटात असं क्वचितच घडतं.

नाव कुणाचं?

हॉलीवूडमध्ये एक किस्सा प्रसिद्ध आहे. वर्तमानपत्रं सतत 'कॅप्रा टच'चं कौतुक करत. वैतागलेल्या रिस्किननं म्हणे १२० कोरी पानं कॅप्राच्या टेबलावर आदळली आणि सांगितलं, आता यावर तुझा तो टच दे. कॅप्रानं हा किस्सा खोटा ठरवला आणि तो बहुधा रचलेलाच आहे. पण लेखकमंडळी तो पिढ्यानपिढ्या सांगत राहिली, यातच त्यांची दुखरी नस कळते. कॅप्राचं आत्मचरित्र १९७१ला आलं. त्याचं शीर्षक मराठीत सांगायचं तर 'शीर्षकाच्याही वरचं नाव'. ते नाव अर्थातच दिग्दर्शकाचं.

न्याय करायचा तर दुसरी बाजूही सांगायला हवी. कॅप्रानं 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन' आणि 'इट्स अ वंडरफुल लाइफ' रिस्किनशिवाय केले आणि दोन्ही उत्तम आहेत. उलट युद्धानंतर रिस्किननं स्वतः निर्माण केलेला 'मॅजिक टाउन' १९४७ला पडला. कल्पना मात्र काळाच्या पुढची होती. एका जनमत चाचणीवाल्याला असं गाव सापडतं, ज्याची मतं हुबेहूब देशाच्या मतांशी जुळतात. गुपित फुटतं, गावाला स्वतःचं महत्त्व कळतं आणि मतं बिघडतात. एका चाचणीत गाव 'स्त्री राष्ट्राध्यक्ष चालेल' असं सांगतं आणि सारा देश त्या गावाला हसतो. चाचण्यांच्या आकड्यांवर राजकारण चालण्याआधी कित्येक दशकं रिस्किननं त्यांची थट्टा केली होती.

म्हणजे दोघांनाही एकमेकांची गरज होती. तक्रार एवढीच, की इतिहासानं एकाचंच नाव लक्षात ठेवलं. हा रोग आपल्याकडचाही आहे. 'चोरी चोरी' लिहिणारे आगा जानी काश्मिरी लखनौचे. 'किस्मत'च्या लेखनातही त्यांचा वाटा. 'चोरी चोरी' म्हटलं की आपल्याला राज-नर्गिस आठवतात, शंकर-जयकिशन आठवतात. आगासाहेब कुणाला आठवत नाहीत. १९७३ला 'जंजीर'च्या पोस्टरवर लेखकांचं नाव नव्हतं, तेव्हा सलीम-जावेद यांनी रंगारी धाडून मुंबईभरच्या पोस्टरांवर स्वतःचं नाव रंगवून घेतलं, हा किस्सा त्यांनीच सांगितला आहे. रिस्किननं असा रंगाचा डबा कधी उचलला नाही.

अखेरची वर्षं

१९५०च्या डिसेंबरमध्ये रिस्किनला पक्षाघाताचा झटका आला. त्यानंतर त्याला लिहिता आलं नाही. १९५२च्या जानेवारीत मुंबईत भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला. 'बायसिकल थीव्ज'सारखे सिनेमे आपल्या दिग्दर्शकांनी तिथेच पाहिले. अमेरिकेचा प्रतिनिधी म्हणून फ्रँक कॅप्रा मुंबईत आला होता. मुंबईच्या सिनेजगतानं त्याचं स्वागत केलं, तेव्हा त्याच्या सर्वोत्तम सिनेमांचा लेखक कॅलिफोर्नियात अंथरुणाला खिळलेला होता. घर चालवण्यासाठी फे रे पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. १९५५ला लेखकांच्या संघटनेनं रिस्किनला आपला सर्वोच्च मान, लॉरेल पुरस्कार दिला. त्याच वर्षी २० सप्टेंबरला, वयाच्या ५८व्या वर्षी तो वारला. 'चोरी चोरी' त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षी आला.

त्याच्या गोष्टी अजून फिरताहेत. सफरचंदं विकणाऱ्या म्हातारीला एक दिवस श्रीमंत बाई बनवणारा त्याचा 'लेडी फॉर अ डे' १९३३चा. तो हाँगकाँगला जॅकी चॅनच्या 'मिरॅकल्स'मध्ये पोचला आणि तिथून २००८ला अक्षय कुमारच्या 'सिंग इज किंग'मध्ये उतरला. मूळ कथा डेमन रन्यनची, पटकथा रिस्किनची, आणि आपल्या प्रेक्षकाला दोघांचाही पत्ता नाही.

मला मात्र त्याची आठवण सिनेमागृहात कमी आणि मोबाइल हातात असताना जास्त येते. १९३२च्या त्या बँकेत बातमी फुगवायला एक ऑपरेटर आणि दहा-बारा तोंडं लागली होती. आता एक बोट पुरतं. फॉरवर्ड आलेला मजकूर एका शहराचं नाव घेतो, एका जमातीचं नाव घेतो, आणि तासाभरात भली माणसं दारं लावून घेतात किंवा दारांवर चालून जातात. रिस्किनला हे वेड पक्कं ठाऊक होतं. त्यावरचा इलाजही त्यानं लिहून ठेवला आहे. ज्यांच्यावर आपण कधीकाळी भरवसा ठेवला, ती माणसं त्या दिवशी गर्दीतून वाट काढत आपल्या बाजूला येऊन उभी राहतात. अट एकच, भरवसा आधी ठेवलेला असावा लागतो. शेजाऱ्याची ओळख दंगलीच्या दिवशी करून घेता येत नाही.